‘आगकाड्यांची मौज’ व आरंभकाळचीं चलच्चित्रें : एक साधनविचार

(१) प्रास्ताविक

ज्या पृष्ठांवर ताम्रपट, महजर, बखरी व शकावल्या यांचा खल व्हावयाचा, त्या पृष्ठांवर कार्टूनांविषयीं, म्हणजे हलत्या व्यंगचित्रांच्या चिमुकल्या पटांविषयीं, लेख आलेला पाहून कित्येक वाचक नाक मुरडतील, हें प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. त्यांस एवढीच विनंती कीं, लेख टाकून देण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इतिहासाचें साधन कागदाचेंच असावें, असा नियम कोणत्याहि शास्त्रानें घालून दिलेला नाहीं. भूर्जपत्र, ताडपत्र, तांब्याचा पत्रा, देवळाची भिंत यांवर जसें मागच्यांनीं लिहिलें, तसेंच विसाव्या शतकाच्या आरंभीं सेल्युलॉइडच्या फितीवर लिहिलें. त्या फितींस आतां शंभर वर्षें उलटून गेलीं. त्यांच्या प्रती झाल्या, प्रतींच्या प्रती झाल्या; कांहीं खंडित झाल्या, कांहीं बनावट निघाल्या, बहुतेक नष्ट झाल्या. पोथीच्या नशिबीं जें जें येतें तें सर्व यांच्या नशिबीं आलें. मग पोथीस आपण ज्या कसोट्या लावतों त्या यांस कां लावूं नयेत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

निमित्त एका नष्ट पटाचें आहे. कै. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनीं इ. स. १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचा लहानसा पट केला. हिंदुस्थानांतील पहिलें कार्टून म्हणून त्याचा उल्लेख सर्वत्र होतो. पण ज्या पटास आपण आद्यत्वाचा मान देतों तो आज पाहावयास मिळत नाहीं. नांव उरलें आहे, वस्तु गेली आहे. अशा नाममात्र ग्रंथाविषयीं काय म्हणतां येतें व काय म्हणतां येत नाहीं, हें ठरविण्यासाठीं त्याच्या परदेशांतील सोबत्यांकडे, ज्यांच्या प्रती सुदैवानें वांचल्या आहेत त्यांच्याकडे, प्रथम वळलें पाहिजे.

(२) अलातचक्र व एकमेव प्रत

जळतें कोलीत वेगानें फिरविलें असतां अग्नीचें अखंड कडें दिसतें. वस्तुतः कडें कोठेंच नसतें. या अलातचक्राचा दृष्टान्त आपल्या शास्त्रांस जुना आहे. गति इतकी शीघ्र असते कीं क्रम ध्यानांत येत नाहीं, असें त्याचें कारण न्यायसूत्रकारांनीं दिलें आहे. आणि गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांतील चतुर्थ प्रकरणाचें नांवच ‘अलातशान्ति’ आहे. परंतु दृष्टान्त ठाऊक असणें निराळें आणि त्यापासून यंत्र निर्माण करणें निराळें. एवढ्या आधारावर आमच्या पूर्वजांनीं चलच्चित्रें शोधून काढिलीं होतीं, असें म्हणण्याचा मोह अभ्यासकानें टाळावा.

यंत्राचें श्रेय ज्यांस दिलें पाहिजे त्यांपैकीं पॅरिस येथील एमिल रेनो हा एक होय. त्यानें ता. २८ ऑक्टोबर १८९२ रोजीं तेथील ग्रेवँ संग्रहालयांत हातानें रंगविलेलीं चित्रें हलवून पडद्यावर दाखविलीं. ल्युमिएर बंधूंचा सुप्रसिद्ध प्रयोग ता. २८ डिसेंबर १८९५ चा, म्हणजे याच्या मागून तीन वर्षांनीं झाला. रेनोच्या ‘बिचारा पिएरो’ या खेळांत पांचशें चित्रें होतीं. तीं त्यानें जिलेटिनच्या तुकड्यांवर एकेक करून काढिलीं व पट्टीनें जोडलीं. येथें छायाचित्रणाचा संबंध नसल्यामुळें दुसरी प्रत निघणें अशक्य होतें. जी प्रत रोज दाखवावयाची तीच मूळ प्रत, आणि ती रोज झिजावयाची. पुढें सिनेमाच्या लोंढ्यांत रेनोचा धंदा बुडाला. उत्तरवयांत निराश होऊन त्यानें आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदींत फेंकून दिल्या. दोन मात्र राहिल्या, आणि त्यांवरून आज आपणांस त्याची योग्यता कळते. तुकोबांच्या गाथेची इंद्रायणींतली कथा ज्या देशांत मुलांस ठाऊक आहे, तेथें या प्रसंगावर भाष्य करण्याचें कारण नाहीं. एवढेंच कीं सीन नदीनें कांहीं परत दिलें नाहीं.

याच दशकांत कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे चिरंजीव ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें चित्रदीपाचे खेळ करीत, काचांवर रंगविलेल्या आकृति पुढें-मागें सरकवून त्यांस हालचालीचा भास देत. पैठण व पिंगुळी येथील चित्रकथींच्या पोथ्यांत एकेक पान उचलून कथा सांगण्याची परंपरा त्याहून जुनी. हीं कार्टूनें नव्हेत. पण चित्र कथेबरोबर पुढें सरकलें पाहिजे ही अपेक्षा आपल्या प्रेक्षकांस अगोदरपासून होती, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

(३) एमिल कोल याचा पट

ता. १७ ऑगस्ट १९०८ रोजीं पॅरिस येथें गोमाँ मंडळीनें ‘फॅंटासमागोरी’ हा पट दाखविला. कर्ता एमिल कोल, वय वर्षें एक्कावन, धंद्यानें व्यंगचित्रकार. पट दोन मिनिटांहूनहि लहान आहे. त्यासाठीं सुमारें सातशें चित्रें काढिलीं व प्रत्येकाचें छायाचित्र दोन वेळां घेतलें. सेकंदास सोळा चित्रें या त्या वेळच्या प्रमाणानें हिशेब केला तर सुमारें दीड मिनिट भरतें. म्हणजे बाह्य प्रमाण व अंतर्गत प्रमाण यांचा मेळ बसतो. कोल यानें पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेनें चित्रें काढिलीं व फितीची छाया उलटी ठेवली; त्यामुळें पडद्यावर काळ्या फळ्यावर खडूनें काढिल्यासारखी पांढरी रेषा दिसते. ज्याचें आयुष्य फळ्यासमोर गेलें अशा प्रस्तुत लेखकास ही रेषा प्रथमदर्शनींच ओळखीची वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

आरंभीं चित्रकाराचा हात दिसतो. तो काड्यांच्या आकृतीसारखा एक विदूषक काढितो, आणि मग रेषा आपण होऊन चालूं लागते. बाटलीचें फूल होतें, फुलाच्या देंठाची सोंड होते, हत्तीचें घर होतें. घरांत कोंडलेला विदूषक खिडकींतून उडी घेतो व पडून मोडतो. तेव्हां चित्रकाराचे हात पुन्हां पडद्यावर येतात व त्यास चिकटवून नीट करितात. या जागेकडे पोथ्यांच्या अभ्यासकांनीं विशेष लक्ष द्यावें. नकलकार जसा समाप्तीच्या पुष्पिकेंत आपलें नांव-गांव सांगतो, चुकल्या अक्षरावर हरताळ लावितो, समासांत गळलेला चरण भरितो, तसा येथें कर्ता आपल्याच लेखनांत हात घालून दुरुस्ती करितो, आणि ती झांकून ठेवीत नाहीं. पाहणारा हंसतो, परंतु निर्मिति व निर्माता यांचा संबंध दीड मिनिटांत याहून स्पष्ट कोणी दाखविला असेल असें वाटत नाहीं.

कोल यानें पुढील पंधरा वर्षांत शेंकड्यांनीं पट केले. त्यांतील निम्म्याहून कितीतरी कमी आज उपलब्ध आहेत. अमेरिकेंत केलेले बरेचसे पट फोर्ट ली येथील मार्च १९१४ च्या आगींत गेले. स्वतः कोल ता. २० जानेवारी १९३८ रोजीं दारिद्र्यांत वारला.

(४) अस्सल व बनावट : ‘गर्टी’चें उदाहरण

अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यानें इ. स. १९१४ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें ‘गर्टी’ नांवाची एक प्रचंड सरटी, म्हणजे डायनोसॉर, रंगमंचावर आणली. मॅके स्वतः हातीं चाबूक घेऊन पडद्याजवळ उभा राही व तिला आज्ञा करी. ती नमस्कार करी, पाय उचली, मध्येंच हट्टास पेटे, रागें भरतांच लहान मुलाप्रमाणें रडे, तळ्याचें तळें पिऊन टाकी. अखेरीस मॅके पडद्यामागें जाई, त्याच क्षणीं त्याची चित्रित मूर्ति पडद्यांत शिरे, आणि गर्टी त्यास पाठीवर घेऊन निघून जाई.

यासाठीं हजारों चित्रें लागलीं. पार्श्वभूमीसुद्धां प्रत्येक कागदावर नव्यानें गिरवावी लागे. तें काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण साहाय्यकानें केलें. मॅके प्रथम मुख्य मुख्य स्थिति काढी, मधल्या मागाहून भरी. कागद हलूं नये म्हणून कोंपऱ्यांत खुणा करी. परंतु गर्टीचें मोठेपण या श्रमांत नाहीं. ती कांहींच करीत नसते तेव्हांहि तिचें पोट हलकें खालीं-वर होत असतें. त्या श्वासाचा काळ मॅकेनें घड्याळ लावून मोजला होता. विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्रांत, जें चित्र श्वास घेत असल्यासारखें दिसतें तें शुभलक्षण, असें सांगितलें आहे. निजलेला सचेतन व मेलेला अचेतन हा भेद, तसेंच वाऱ्यानें हलणाऱ्या लाटा, ज्वाला, धूर व पताका ज्यास दाखवितां येतात तोच चित्र जाणणारा, असेंहि म्हटलें आहे. नृत्त जाणल्यावांचून चित्र कळत नाहीं, हें त्याच ग्रंथाचें वचन. मॅकेस हा ग्रंथ ठाऊक असण्याचा संभव नाहीं. परंतु आपल्या शास्त्रकारांची कसोटी त्याच्या सरटीस लावून पाहतां ती पूर्णपणें उतरते. म्हणूनच बालकांचा खेळ म्हणून हें बाजूस सारणें योग्य नाहीं.

आतां साधनविचाराकडे वळूं. ‘गर्टी’चा लौकिक होतांच दुसऱ्या कोणी तिची हुबेहूब नक्कल करून पट काढिला. तो ब्रे यांच्या कारखान्यांतला असावा असा तज्ज्ञांचा कयास आहे. दोन्ही पट एकाच नांवानें फिरले, आणि कित्येक वर्षें नकली पट अस्सल म्हणून दाखविला गेला. मॅकेच्या स्वतःच्या प्रती त्याच्या मृत्यूनंतर मुलाकडून एका स्नेह्याकडे गेल्या व अखेर कॅनडांतील माँट्रियल येथील चित्रपट-संग्रहांत सुरक्षित झाल्या. मूळ कागदांपैकींहि कांहीं शेंकडे राहिले. त्यांच्या आधारें अस्सल व बनावट यांचा निवाडा करणें शक्य झालें. शिवकालीन म्हणून पुढें केलेल्या बनावट सनदांनीं ज्यांचे हात पोळले आहेत, त्यांस यांतील बोध सांगावयास नको. नांव जुळलें म्हणून वस्तु जुळत नाहीं.

(५) आगकाड्यांचा प्रश्न

फाळक्यांच्या पटाकडे आतां येऊं. फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, जन्म ता. ३० एप्रिल १८७०. दाजीशास्त्री या संस्कृत पंडिताचे चिरंजीव. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण, पुढें छायाचित्रण, पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नोकरी, नंतर ठशांचा व छपाईचा धंदा, असा त्यांचा क्रम आहे. जुन्या वस्तूंचीं चित्रें घेणारा हा मनुष्य पुढें स्वतःच संशोधनाचा विषय झाला. इ. स. १९१२ सालीं विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वीं त्यांनीं कुंडींत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाचीं एकेक करून चित्रें घेतलीं व ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवून भांडवलवाल्यांची खात्री पटविली. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कार्टूनाचें बीज रेघ काढण्यांत नसून एक चित्र घेऊन थांबण्यांत आहे. आणि ही युक्ति फाळके १९१२ सालींच वापरीत होते.

कोल यानेंहि १९०८ सालीं चालत्या-बोलत्या आगकाड्यांचा एक पट केला होता. फाळक्यांनीं त्यावरून कल्पना घेतली, असें पुष्कळ लेखक म्हणतात. इंग्लंडांत आर्थर मेलबर्न-कूपर याचाहि एक काड्यांचा पट आहे. त्यांत काड्यांचीं माणसें भिंतीवर लिहून सैनिकांसाठीं आगपेट्या पाठविण्याचें आवाहन करितात. हें आवाहन बोअर युद्धांतलें मानलें तर पटाचा काळ १८९९; पहिल्या महायुद्धांतलें मानलें तर १९१४. दोन्ही पक्षांस पुरस्कर्ते आहेत. अंतर्गत प्रमाण एकच, निष्कर्ष पंधरा वर्षांनीं दूर! फाळके १९१४ सालीं आपले तीन पट घेऊन लंडनांत गेले होते व महायुद्ध सुरू होतांच त्यांचे तेथील बेत मोडले. तेव्हां विलायतेंतील काड्यांचे पट त्यांच्या दृष्टीस पडण्यास काळ अनुकूल होता. परंतु काळ अनुकूल असणें हा संभव झाला, प्रमाण नव्हे. साधर्म्यावरून ऋण सिद्ध करूं लागलें तर दोन कवींनीं चंद्र वर्णिला म्हणून एकानें दुसऱ्याचा चोरला असें म्हणावें लागेल.

आगकाडीच कां, याचें उत्तर वस्तूंतच आहे. काडी ही आयती रेषा आहे. ती काढावी लागत नाहीं, खोडावी लागत नाहीं, मेजावर हव्या त्या कोनांत ठेवितां येते, आणि तिचें गुल हें आयतें डोकें. पांच काड्यांचा मनुष्य होतो. चित्रकारांचा ताफा नसलेल्या, युद्धामुळें भांडवल मिळेनासें झालेल्या एकट्या माणसास याहून स्वस्त नटमंडळी कोठें मिळणार? म्हणून असें म्हणणें युक्त दिसतें कीं तंत्र फाळक्यांचें स्वतःचें, विषय त्या काळच्या प्रघातांतला, आणि निवड परिस्थितीनें लादलेली. याहून पुढें एक पाऊलहि प्रमाणावांचून टाकतां येणार नाहीं.

पट नष्ट झाला तरी त्याच्या कर्त्याची विनोदाची धाटणी सर्वथा नष्ट झालेली नाहीं. ‘प्रोफेसर केळफा’ नांवाच्या जादूगाराच्या करामतींचा त्यांचा एक लहान पट होता. त्याचा तुटका भाग उपलब्ध आहे. ‘केळफा’ हीं ‘फाळके’ याचींच अक्षरें उलट क्रमानें होत. जुन्या कवींनीं श्लोकांत नाममुद्रा दडवावी तशी ही मुद्रा त्यांनीं पडद्यावर दडविली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या पटाचाहि भाग राहिला आहे. आणि १९१७-१८ सालीं ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लिहिलेले लेख तर प्रत्यक्ष कर्त्याची साक्षच होत.

(६) ‘पहिलें’ या शब्दाविषयीं

आद्यत्वाचे वाद आपल्या मंडळींत फार. ‘पहिलें कार्टून’ म्हणतांना कार्टून म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. निर्जीव वस्तु एकेक चित्रानें हलविणें एवढेंच लक्षण केलें, तर १९१५ चा हा पट त्यांत बसतो. हातानें काढिलेलीं चित्रें हलविणें हें लक्षण केलें, तर काड्यांचा पट बाहेर पडतो व विचार एकदम १९३४ च्या आसपास येतो. त्या सालीं कलकत्त्यास न्यू थिएटर्सनें गुणमय बॅनर्जी यांचा ‘पी ब्रदर्स’ दाखविला, आणि त्याच सुमारास पुण्यास प्रभात मंडळीनें रघुनाथ केळकर यांच्या चित्रांचा ‘जंबूकाका’ काढिला. पुढें फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून शाखेनें १९५७ सालीं निग्रोधमृगाच्या जातकावरून ‘दि बनियन डीअर’ केला व त्यांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची धाटणी आणली. लक्षण बदललें कीं लक्ष्य बदलतें. हें तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतलें तत्त्व विसरल्यामुळें दोन पक्ष विनाकारण भांडतात. फाळक्यांचा मान एका विशेषणावर अवलंबून नाहीं.

(७) नाशाचीं कारणें व संग्राहकांचें कर्तव्य

हिंदुस्थानांत हजाराहून अधिक मूकपट झाले. हातीं मूठभर राहिले. कारणें तीन. पहिलें द्रव्याचें: जुनी फीत नायट्रेट सेल्युलोजची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. ती पाण्यांतहि जळते, आणि न जळली तर आपोआप चिकट होऊन अखेर तिचा भुगा होतो. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत अशा फितींच्या कोठारास आग लागून फार मोठा ठेवा गेला. दुसरें लोभाचें: फितीवरील चांदी काढून घेण्यासाठीं पट रद्दीच्या भावानें विकले गेले. तिसरें उपेक्षेचें, आणि त्याविषयीं लिहितांना लेखकास स्वतःस वगळतां येत नाहीं.

मी ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों तेथें अडगळीच्या खोलींत एक जुनें प्रक्षेपणयंत्र व पंधरा-वीस पत्र्याचे डबे होते. पूर्वीं शनिवारीं मुलांस कार्टूनें व शिक्षणपट दाखवीत, त्यांतले ते. एका उन्हाळ्यांत निर्लेखनाची यादी करण्याचें काम मजकडे आलें. डबा उघडतांच शिरक्यासारखा आंबूस वास आला. फिती सुकून आक्रसल्या होत्या. माल कुजला असें समजून मीं यादींत ‘निरुपयोगी’ हा शेरा लिहिला व डबे भंगारवाल्याकडे गेले. डब्यांवर काय लिहिलें होतें तेंहि मीं उतरून घेतलें नाहीं. त्याच आठवड्यांत वाळवी लागलेल्या एका रघुवंशाच्या पोथीचीं चौदा पानें वांचविण्यासाठीं मीं दोन रात्री जागलों होतों. तो वास ॲसिटेट फितीच्या रोगाचा असतो व तशा फितीचीहि प्रत घेतां येते, हें मला पुढें कळलें. त्या यादीखालीं सही माझी आहे.

म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांच्या वाड्यांतून अजून न उघडलेल्या पेट्या आहेत त्यांस, कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. फितीचा डबा सांपडल्यास तो दिव्याजवळ किंवा उन्हांत उघडूं नये. फीत यंत्रावर चढवून पाहूं नये. काडी लावून परीक्षा तर मुळींच करूं नये. डब्यावरील अक्षर, चिठ्ठी, पावती जशीच्या तशी उतरून घ्यावी. फितीची कडा भिंगानें पाहावी. कागदांत जसें जलचिन्ह तसें फितीच्या कडेस कारखान्याचें नांव असतें. कोडकच्या फितींवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा चिन्हांनीं सालहि दिलेलें असतें. हीं चिन्हें वीस वर्षांनीं पुन्हां तींच येतात. तेव्हां साठ संवत्सरांच्या चक्राप्रमाणें येथेंहि दुसरें प्रमाण जोडूनच वर्ष ठरवावें. शिवाय तें वर्ष कोऱ्या फितीचें, लेखनाचें नव्हे, हें विसरूं नये. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें. इ. स. १९६४ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयाचे कै. पी. के. नायर यांनीं नाशिकास फाळक्यांच्या चिरंजिवांकडे जाऊन ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘कालियामर्दन’ यांचे अवशेष मिळविले नसते, तर आज आपल्याजवळ तेहि नसते.

आशेस जागा आहे, याचें एक उदाहरण देऊन लेख संपवितों. जपानांत १९१७ सालीं झालेला ‘नामाकुरा गाताना’, म्हणजे ‘बोथट तरवार’, हा कार्टूनपट कायमचा गेला असें सर्वजण धरून चालले होते. ओसाका येथील जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजारांत त्याची प्रत सांपडली व २००८ सालीं ती जगापुढें आली. ‘आगकाड्यांची मौज’ त्याहून दोनच वर्षांनीं वडील. नाशिक, मुंबई, पुणें येथील जुन्या बाजारांतून पोथ्या धुंडाळणारे आमचे स्नेही दर रविवारीं फिरत असतात. त्यांनीं पोथ्यांच्या गठ्ठ्याशेजारचा गंजलेला डबाहि एकदां हातीं घेऊन पाहावा, एवढेंच मागणें आहे.